दवंडी आणि नोंदवही



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं यवतमाळात जमतो, ते गुरुजी फळ्यावर एखादं सूत्र मांडण्याआधी, ते कोणाची अडचण सोडवायला जन्माला आलं हे सांगत. मीही तसंच करतो. आधी अडचण सांगतो.

डिसेंबर महिना, कापसाचा ऐन हंगाम. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधून संध्याकाळी फोन आला. "सर, काटा चालू आहे, वजन दिसून राहिलं, पण पावती निघून नाही राहिली." मी गेलो तेव्हा फाटकाबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. पावती नाही म्हणून गाडी रिकामी होत नव्हती, आणि गाडी रिकामी होत नाही म्हणून मागची आत येत नव्हती. लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. प्रिंटर धडधाकट होता, कागद होता, वायफाय चालू होतं. दुपारी दोन तास वीज गेली होती, एवढंच घडलं होतं. वीज आल्यावर राउटरनं सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटले आणि प्रिंटरचा जुना पत्ता या वेळी कोणाच्या तरी मोबाइलला मिळाला. काट्यावरचा संगणक त्या मोबाइलकडे पावत्या पाठवत होता. आधीच्या वर्षी तो पत्ता मीच एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. राउटरमध्ये तो प्रिंटरसाठी राखून ठेवायला हवा होता, ते राहून गेलं. पाच मिनिटांचं काम होतं, पण ते करू शकणारा माणूस यवतमाळात होता आणि रांग पांढरकवड्यात.

त्या संगणकाला पत्ता माहीत होता, पण त्या पत्त्यावर कोण राहतं हे माहीत नव्हतं. आपण माणसं असं करत नाही. आठवडी बाजारात गेलेला शेतकरी "चौदाव्या पालात कोण बसलंय" असं विचारत नाही. तो विचारतो, "विळे कुठं मिळतात?" तो कामाचं नाव घेतो आणि ठिकाण त्यातून कळतं. नेटवर्कवरच्या यंत्रांनीही एकमेकांना असंच कामाच्या नावानं विचारावं आणि त्यासाठी मध्ये कोणी जाणकार बसवावा लागू नये, हा आजचा विषय. त्याला सेवा-शोध म्हणतात. हा शोध आपोआप कसा व्हावा याचे नियम ठरवायला जगभरच्या अभियंत्यांना पंचवीसहून अधिक वर्षं लागली आणि ते काम अजून चालू आहे.

गावात कोण काय करतं हे कळायचे दोन जुने मार्ग आपल्याला ठाऊक आहेत. एक म्हणजे दवंडी. कोतवाल चौकात उभा राहून हाक देतो, ज्याला ऐकू येतं तो ऐकतो, ज्याचा संबंध असतो तो उत्तर देतो. दुसरा म्हणजे नोंदवही. तलाठ्याकडे जा, वही उघडा, पाहा. दवंडीला दप्तर लागत नाही, पण गोंगाट होतो आणि वेशीपलीकडे ती ऐकू जात नाही. नोंदवही शांत असते, दूरवर चालते, पण ती लिहिणारा, जपणारा माणूस लागतो. नेटवर्कवरच्या सेवा-शोधाचा सगळा इतिहास या दोन मार्गांमधल्या येरझाऱ्यांचा आहे.

१९८५च्या सुमारास ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकांत ॲपलटॉक नावाची व्यवस्था होती. तार जोडायची, 'चूझर' नावाची खिडकी उघडायची, की आसपासचे प्रिंटर नावानिशी दिसत. पत्ता कोणी टाकत नसे. पण ती एका कंपनीची भाषा होती. पुढे सगळं जग इंटरनेटच्या आयपी भाषेकडे वळलं, आणि आयपी ही ज्यांच्याकडे जाणकार माणूस आहे अशा विद्यापीठांत, प्रयोगशाळांत घडलेली भाषा. तिथं पत्ते आणि नावांची वही सांभाळणारा कोणीतरी असणारच, हे गृहीतच होतं. नावांची ती वही, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली, आणि आजही आपण कुठलंही संकेतस्थळ उघडतो तेव्हा तीच चाळली जाते. तिनं सगळं जग जोडलं. टेबलावर शेजारी ठेवलेला प्रिंटर मात्र तिला माहीत नसे, कारण त्याचं नाव वहीत कोणी लिहिलेलंच नसे.

१९९७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे स्टुअर्ट चेशर यांनी एक कल्पना मांडली. ॲपलटॉकमधला तो सोपेपणा आयपीवर आणता येईल. नवी भाषा नको, डीएनएसच्याच प्रश्नांचा नमुना घ्या आणि तो प्रश्न वहीला न विचारता चौकात मोठ्यानं विचारा. १९९९ साली इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत 'झिरोकॉन्फ' नावाचा कार्यगट बसला. नावाचा अर्थच असा की काहीही जुळवाजुळव करावी लागू नये.

तेव्हा दुसऱ्या वाटाही होत्या. एसएलपी नावाची सेवा-शोधाची पद्धत १९९७ साली आणि तिची सुधारलेली आवृत्ती १९९९ साली आयईटीएफनंच प्रसिद्ध केली होती. त्यात विचारणारा, सेवा देणारा आणि निर्देशिका सांभाळणारा अशा तीन भूमिका नीट आखलेल्या. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर ५ या प्रणालीत ती आली. मायक्रोसॉफ्टनं पुढाकार घेतलेली यूपीएनपी त्याच काळातली. घरगुती राउटरांमध्ये ती आजही सापडते. शास्त्र म्हणून या पद्धती कमी नव्हत्या. पण चेशर यांच्या वाटेत एक गोष्ट होती, जी मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते: प्रश्न एकच ठेवायचा आणि तो दवंडीलाही विचारता यावा आणि नोंदवहीलाही. ज्या गावात वही नाही तिथं हाक द्या, जिथं वही आहे तिथं वही पाहा. विचारणाऱ्यानं आपली भाषा बदलायची नाही. याचं फळ पुढं कसं मिळालं ते सांगणारच आहे.

आता ही दवंडी आतून कशी चालते ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तिच्यात शिस्त फार आहे.

पहिली पायरी पत्त्याची. पत्ते वाटणारं कोणी नसेल तर यंत्र १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांमधून एक स्वतःच निवडतं आणि शेजाऱ्यांना तीनदा विचारतं, "हा कोणाचा आहे का?" कोणी बोललं नाही तर तो वापरायला लागतं, आणि कोणी बोललं तर दुसरा निवडतं. हा नियम मे २००५ मध्ये, आयईटीएफच्या आरएफसी नावाच्या क्रमांकित दप्तरांत, आरएफसी ३९२७ म्हणून छापला गेला. तुमच्या संगणकावर कधी १६९.२५४ असा पत्ता दिसला असेल, तर राउटरकडून उत्तर न आल्यामुळे त्यानं स्वतःची सोय केली आहे असं समजा.

दुसरी पायरी नावाची. नावाच्या शेवटी 'डॉट लोकल' येतं, म्हणजे हे नाव फक्त या वेशीच्या आतलं. इथंही तीच रीत. पाव-पाव सेकंदाच्या अंतरानं तीनदा विचारायचं आणि नाव कोणी आधीच घेतलं असेल तर आपल्या नावापुढं दोनचा आकडा लावायचा.

तिसरी पायरी कामाची. संगणक २२४.०.०.२५१ या सर्वांच्या पत्त्यावर, ५३५३ या दारावर, म्हणजे पोर्टवर, हाक देतो: "इथं छपाई कोण करतं?" ज्याला छपाई येते तो आपलं नाव सांगतो. मग त्या नावाला विचारायचं, तू कुठल्या यंत्रावर, कुठल्या दारावर बसतोस, आणि रंगीत छापतोस की काळं-पांढरं. जिनिंगमधल्या संगणकानं पत्ता लक्षात ठेवण्याऐवजी हे नाव लक्षात ठेवलं असतं, तर वीज दहादा गेली असती तरी पावती निघाली असती.

आणि सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून काय केलंय पाहा. एकाच प्रश्नाला अनेक जण उत्तर देऊ शकत असतील तर प्रत्येकानं २० ते १२० सहस्रांश सेकंद, मनाला येईल तितकं थांबून बोलायचं. विचारणाऱ्यानं प्रश्नातच सांगायचं की अमुक-अमुक मला आधीच माहीत आहेत. ज्यांची नावं आली त्यांनी गप्प बसायचं. पंगतीत वाढपी हाक देतो ना, "या ओळीत भात झालाय, पुढं कोणाला हवा?" तसंच. आणि जाताना निरोप घेऊन जायचं. यंत्र बंद होताना "माझी नोंद आता शून्य सेकंदांची समजा" असा संदेश देतं, म्हणजे बाकीचे त्याला यादीतून काढतात. वीज अचानक गेली तर निरोप देता येत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीला आयुष्य दिलेलं आहे. यंत्राच्या पत्त्याला दोन मिनिटं, बाकीच्या बहुतेक नोंदींना ७५ मिनिटं. आपल्या जिल्ह्यातल्या विजेचा अनुभव असलेल्या माणसाला या नियमाची किंमत लगेच कळते.

ॲपलनं ही व्यवस्था २००२ साली आपल्या संगणकांत आणली. तेव्हा तिचं नाव राँदेव्हू होतं, २००५ पासून ते बाँजूर झालं. लिनक्सच्या जगात 'अवाही' या मुक्त प्रणालीनं तेच काम केलं. अँड्रॉइड फोनांत २०१२ साली आणि पुढं विंडोज १० मध्येही ती आली. मानक म्हणून मात्र आरएफसी ६७६२ आणि ६७६३ ही दोन दप्तरं, चेशर आणि मार्क क्रॉकमल यांच्या नावानं, फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. वापर सुरू झाल्यावर अकरा वर्षांनी. काहींना ही दिरंगाई वाटते, मला वाटत नाही. लाखो यंत्रांत चालवून, चुकून, सुधारून मग नियम छापला गेला. आधी नियम आणि मग वापर शोधणाऱ्या योजना आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

पण दवंडीचे तोटेही तितकेच खरे आहेत, आणि ते आपल्या शाळांत रोज दिसतात. एका शाळेनं प्रयोगशाळेसाठी दुसरा राउटर आणला आणि पहिल्याच्या तारेवर जोडला. इंटरनेट दोन्हीकडे आलं, पण कार्यालयातला प्रिंटर प्रयोगशाळेतून दिसेना. बाई म्हणाल्या, "कालपर्यंत दिसत होता जी." दोन राउटर म्हणजे दोन गावं झाली आणि दवंडी वेशीवर थांबली. दुसरा राउटर केवळ वायफाय पसरवणारं यंत्र म्हणून जोडला, म्हणजे त्याची पत्ते वाटण्याची कामगिरी काढून घेतली आणि तार योग्य भोकात घातली, तर दोन्ही मिळून एक गाव होतं. ही गोष्ट तुमच्यापैकी ज्यांच्या शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत अशी अडचण आहे त्यांनी आज घरी जाऊन तपासावी. आणखी एक पाहावं. पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठीचं वायफाय चालू केलं की त्यावरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते. तिथं प्रिंटर न दिसणं हा दोष नाही.

मोठ्या आवारात उलटी अडचण येते. वायफायवर सर्वांसाठी दिलेली हाक सगळ्यांत संथ ऐकणाऱ्यालाही कळावी म्हणून अगदी कमी वेगानं पाठवली जाते, आणि तेवढा वेळ हवा अडून राहते. हजारो विद्यार्थ्यांचे फोन हाका देऊ लागले की महाविद्यालयाचं वायफाय गुदमरतं. २०१२ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी ॲपलकडे याबद्दल जाहीर अर्ज केला, आणि त्यानंतर आयईटीएफमध्ये दवंडी वेशीपलीकडे कशी न्यावी यावर नवा कार्यगट बसला. त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे, प्रत्येक गावात एक मध्यस्थ ठेवायचा. दूरचा माणूस मध्यस्थाला नोंदवहीच्या रीतीनं विचारतो, मध्यस्थ आपल्या गावात दवंडी देतो आणि आलेलं उत्तर कळवतो. हे २०२०च्या आरएफसी ८७६६ मध्ये आहे. प्रश्नाचा नमुना एकच ठेवल्याचं फळ ते हेच. विचारणाऱ्या फोनाला काही नवं शिकावं लागलं नाही.

नोंदवहीकडे परत जाण्याचं दुसरं कारण झोप आहे. बॅटरीवर चालणारं लहान यंत्र, शेतातला ओलावा मोजणारं असो की दारावरचं, बहुतेक वेळ झोपलेलं असतं. झोपलेल्याला दवंडी ऐकू येत नाही. त्यानं जागं झाल्यावर एकदा वहीत नाव लिहावं आणि पुन्हा झोपावं, त्याच्या वतीनं वहीनं उत्तर द्यावं, अशी नोंदणीची पद्धत २०२५ मध्ये मानक झाली. घरगुती उपकरणांसाठी २०२२ साली आलेलं 'मॅटर' हे मानकही याच सेवा-शोधावर उभं आहे.

विश्वासाचा प्रश्न वेगळा. दवंडीत "मीच प्रिंटर" असं कोणीही म्हणू शकतं. म्हणून जिथं अनोळखी लोक येतात तिथं वही लागते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीवरही सार्वजनिक वायफाय देता येतं, पण त्यातली मान्यताप्राप्त ठिकाणं कुठली याची मध्यवर्ती नोंद सी-डॉट या संस्थेकडे असते. आणि घरातली दवंडी चुकून वेशीबाहेर गेली तर काय होतं तेही जगानं पाहिलं आहे. २०१३ साली एका तपासणीत यूपीएनपीच्या शोध-प्रश्नाला इंटरनेटवरून आठ कोटींहून अधिक पत्त्यांनी उत्तर दिलं होतं. २०२३ साली असं उघड झालं की उघड्यावर राहिलेल्या जुन्या एसएलपी यंत्रांना लहानसा प्रश्न विचारून बावीसशे पटीपर्यंत मोठं उत्तर तिसऱ्याच्याच अंगावर सोडता येतं. बसस्थानकावर वायफाय जोडलेला तुमचा फोन आपलं नाव, आणि त्यात बहुधा तुमचं नाव, आसपासच्या सगळ्यांना सांगू शकतो. फोनाच्या नावात स्वतःचं पूर्ण नाव ठेवू नका, एवढं मी माझ्या विद्यार्थिनींना आवर्जून सांगतो.

हे सगळं असूनही मी या मानकाचा पक्षपाती आहे, आणि त्याचं कारण हा जिल्हा आहे. सोळा तालुके, झरी जामणीपासून उमरखेडपर्यंतची अंतरं, आणि प्रत्येक शाळेत, ग्रामपंचायतीत, कृषी केंद्रात दोन-चार संगणक, एक प्रिंटर. तिथं नेटवर्क सांभाळणारा माणूस कधीच नेमला जाणार नाही. झिरोकॉन्फ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर यवतमाळ नव्हतं, पण जाणकार नसलेलं ठिकाण होतं, आणि ते आपलंच आहे. पाच-सहा हजारांच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मराठी विकिपीडिया भरून तो कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळेत ठेवला, तर इंटरनेट नसतानाही मुलं ब्राउझरमध्ये रोमन अक्षरांत 'ग्रंथालय डॉट लोकल' टंकून तो उघडतात. पत्ता लिहिलेला कागद भिंतीवर लागत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या लिपीचा. जगाच्या वहीत देवनागरी थेट लिहिता येत नाही. २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेलं 'डॉट भारत' हे नाव मराठीसह आठ भाषांना देवनागरीत मिळालं, पण वहीत ते रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात नोंदलं जातं. सेवा-शोधाच्या मानकात मात्र सेवेचं नाव सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडमध्ये, जसं आहे तसं, मोकळ्या जागेसकट लिहायची मुभा आहे. प्रिंटरला 'ग्रंथालय प्रिंटर' असं नाव द्या, जाळ्यावर तेच फिरतं.

अट एक आहे. नाव ६३ बाइटांत बसलं पाहिजे. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक वेगळी खूण. म्हणजे इंग्रजीला ६३ अक्षरं आणि आपल्याला २१ खुणा. 'ग्रंथालय प्रिंटर' ४६ बाइटांत बसतं. 'मुख्याध्यापकांच्या खोलीतील प्रिंटर' ९८ होतात. एखाद्या यंत्रानं ते ६३ वर कापलं तर 'मुख्याध्यापकांच्या खो' एवढंच उरतं आणि पुढं तुटलेल्या 'ल'चा चौकोन. खुणेच्या सीमेवर नीट कापलं तरी जोडाक्षर मधोमध तुटून पाय मोडलेलं अक्षर उरू शकतं, हे इंग्रजी डोळ्याला सुचणारच नाही.

त्याहून अवघड गोष्ट 'दुसऱ्या' या शब्दात आहे. हा अर्धा र आपण दोन प्रकारे टंकतो. काही कळफलक त्यासाठीचं स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण. पहिला शब्द २१ बाइटांचा, दुसरा २४ चा. डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे. मानकात सांगितलेलं युनिकोडचं प्रमाणीकरण या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून 'दुसऱ्या मजल्यावर' या एकाच नावाचे दोन प्रिंटर जाळ्यावर शेजारी शेजारी उभे राहतात. नावाची टक्कर झालीच नाही असं यंत्र समजतं, आणि कोणापुढंच दोनचा आकडा लागत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये ज्या आपल्या यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना मी हे काम सुचवतो. आयईटीएफचे सगळे मसुदे फुकट वाचता येतात, तिथं सभासदत्व नाही, शिफारस लागत नाही, चुकीचं वाटलं ते लिहून पाठवता येतं. दोन फोन, एक प्रिंटर आणि पाय मोडलेल्या अक्षरांची एक यादी घ्या. कोणता फोन 'दुसऱ्या'ला कसा वागवतो ते नोंदवा. पुढच्या महिन्यात मी दारव्ह्याला तीन शाळांचं वायफाय जोडायला जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत आपलं नाव लिहावं.